पाठीच्या पाण्यातले दोन आकडे : मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचलेले अमायलॉइड कसे ओळखतात

कोकणातल्या गावांत एखाद्या वयस्कर माणसाचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर 'अंगावरून वारे गेले' असे आजही म्हटले जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन सीटी स्कॅन केला की डॉक्टर दोन शक्यतांपैकी एक सांगतात. एक तर मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते, नाहीतर ती फुटून रक्तस्राव झालेला असतो. रक्तस्राव दिसला की घरच्यांना पहिला प्रश्न रक्तदाबाचा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा तो योग्यच असतो. पण काही रुग्णांचा रक्तदाब फारसा चढलेला नसतो, वय साठी-सत्तरीच्या पुढचे असते आणि रक्त मेंदूच्या खोल गाभ्यात न साचता वरच्या बाजूला, कवटीलगतच्या भागात साचलेले असते. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञ एका वेगळ्याच आजाराचा विचार करू लागतात. त्याचे वैद्यकीय नाव सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी, थोडक्यात सीएए. हा आजार ओळखण्यासाठी पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याची तपासणी कितपत उपयोगी पडते, आणि तिचा अहवाल कसा वाचायचा, हे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी आजार नेमका काय आहे ते पाहू. मेंदूतल्या चेतापेशी आपल्या नेहमीच्या कामकाजात बीटा-अमायलॉइड नावाचे एक छोटे प्रथिन तयार करत असतात. ते निरोगी माणसाच्या मेंदूतही तयार होते आणि सतत वाहून नेले जाते. काही भाग तिथेच विघटित होतो, काही रक्तात जातो आणि काही रक्तवाहिन्यांच्या भिंतीलगतच्या अतिसूक्ष्म वाटांनी मेंदूबाहेर पडतो. वय वाढते तशी ही निचऱ्याची व्यवस्था मंदावते. मग बाहेर जाता जाता प्रथिन वाटेतच, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या आणि बाहेरच्या थरातल्या लहान धमन्यांच्या भिंतीत अडकते आणि थरावर थर चढत जातात. धमनीला आकुंचन-प्रसरणाची ताकद देणाऱ्या स्नायुपेशी हळूहळू नष्ट होतात, भिंत ठिसूळ होते आणि एक दिवस ती झिरपू लागते किंवा फुटते.

हृदय किंवा मूत्रपिंडात अमायलॉइड साचण्याचे जे आजार असतात, त्यांच्याशी याची गल्लत करू नये. तिथली प्रथिने वेगळी असतात आणि उपचारही वेगळे असतात. अल्झायमरशी मात्र याचे नाते अगदी जवळचे आहे, कारण साचणारे प्रथिन तेच आहे. फरक जागेचा आहे. अल्झायमरमध्ये ते प्रामुख्याने पेशींच्या मधल्या जागेत गाठींच्या रूपात साचते आणि सीएएमध्ये रक्तवाहिनीच्या भिंतीत. इतिहासातली एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. १९८४ साली अमेरिकेत जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी हे प्रथिन पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळे केले, ते अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूवरील आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून. आज ज्या प्रथिनाचे नाव घेताच लोकांना फक्त स्मृतिभ्रंश आठवतो, त्याची पहिली ओळख रक्तवाहिन्यांच्या भिंतीतच पटली होती. त्यामुळे दोन्ही आजार एकाच मेंदूत एकत्र नांदताना दिसतात यात नवल नाही. अल्झायमरच्या बहुसंख्य रुग्णांच्या मेंदूत शवविच्छेदनात थोड्याफार प्रमाणात तरी सीएए आढळतो, आणि हेच निदानाचे सर्वांत अवघड कोडे आहे.

हा आजार रक्तस्रावाच्या आधी एका वेगळ्या रूपातही दर्शन देतो. ते रूप सहज चुकीचे ओळखले जाते, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. समजा, देवगडच्या बाजूच्या एका वाडीतल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी सकाळी खवणीवर बसून नारळ खवत आहेत. अचानक त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मुंग्या तळहातावर येतात, मनगटापर्यंत चढतात, मग कोपरापर्यंत, आणि काही मिनिटांनी ओठाचा उजवा कोपरा बधिर होतो. आजी हातातली वाटी खाली ठेवून भिंतीला टेकून बसतात. पाव-अर्ध्या तासात सगळे पूर्ववत होते आणि उरलेला नारळ त्याच खवून टाकतात. पंधरा दिवसांनी हाच प्रकार, अगदी त्याच क्रमाने, पुन्हा घडतो. गुठळीमुळे येणाऱ्या तात्पुरत्या झटक्यात बधिरपणा बहुधा एकदम येतो. इथे तो पायरीपायरीने सरकतो, आणि हे सरकणेच महत्त्वाचे आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर झिरपलेल्या रक्ताच्या पातळ थराने तिथल्या पेशी चाळवल्या जातात, त्याचा हा परिणाम असतो. परंतु डॉक्टरांना 'काही वेळ हात बधिर झाला होता' एवढेच सांगितले, तर तो गुठळीचा लहान झटका समजला जाण्याची दाट शक्यता असते, आणि मग रक्त पातळ करण्याची गोळी सुरू होते. ज्या रक्तवाहिन्या आधीच झिरपत आहेत त्यांच्या बाबतीत ती गोळी घातक ठरू शकते. निदान अचूक असण्याचा आग्रह का धरायचा, याचे उत्तर या एका प्रसंगात आहे.

निदानाची खात्रीची कसोटी म्हणजे मेंदूच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. ती जिवंत माणसात क्वचितच शक्य होते, उदाहरणार्थ साचलेले रक्त शस्त्रक्रियेने काढताना थोडा भाग हाती लागला तर. एरवी भिस्त असते ती एमआरआयवर. एमआरआयमध्ये रक्ताच्या जुन्या, बारीक खुणा टिपणारी एक विशेष पद्धत असते, तिला एसडब्ल्यूआय म्हणतात. तिच्यात तांदळाच्या कणीएवढे जुने रक्तस्रावही काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतात. हे ठिपके फक्त मेंदूच्या बाहेरच्या भागात असतील आणि खोल गाभ्यात एकही नसेल, तर संशय सीएएकडे वळतो. खोल भागातले ठिपके बहुधा रक्तदाबाचे असतात. पृष्ठभागाच्या वळ्यांमध्ये जुन्या रक्तातल्या लोहाची काळी किनार दिसली, तर संशय आणखी पक्का होतो. या सगळ्याची नियमबद्ध मांडणी 'बोस्टन निकष' या नावाने ओळखली जाते आणि तिची दुसरी आवृत्ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. वय पन्नास किंवा त्याहून अधिक, योग्य लक्षणे, बाहेरच्या भागात रक्तस्रावाच्या किमान दोन खुणा, किंवा अशी एक खूण आणि जोडीला मेंदूच्या पांढऱ्या भागातले ठरावीक बदल, असे असेल तर 'संभाव्य सीएए' असे निदान करता येते. पाठीच्या पाण्याच्या तपासणीचा या निकषांत समावेश नाही. ही गोष्ट वाचकांनी सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. एमआरआय हाच मुख्य पुरावा आहे, आणि पाणी हा त्याला बळ देणारा किंवा शंका दूर करणारा जादा पुरावा आहे.

मग हा जादा पुरावा लागतो तरी कशाला? कारण एमआरआय रक्त दाखवतो, अमायलॉइड दाखवत नाही. रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे प्रथिन साचले, तरी त्या झिरपेपर्यंत एमआरआयवर काळा ठिपका उमटत नाही. अमायलॉइड दाखवणारे पेट स्कॅन आहे, पण ते महाग आहे, मोजक्या मोठ्या शहरांत होते, आणि दिसलेले अमायलॉइड रक्तवाहिनीतले की पेशींमधल्या गाठींतले, हे त्यावरून सहसा ठरवता येत नाही. पाठीच्या पाण्याकडून अपेक्षा आहे ती नेमकी ही जागा ओळखण्याची.

ज्याला आपण पाठीचे पाणी म्हणतो, त्याला मेरुद्रव असे नाव आहे. ते पाठीत तयार होत नाही, मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये तयार होते, मेंदूभोवती फिरते आणि कण्याच्या पोकळीत उतरते. प्रौढ माणसाच्या शरीरात ते एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असते, आणि दिवसाकाठी जवळपास ५०० मिलिलिटर नवे तयार होते, म्हणजे सगळे पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलले जाते. मेंदूतून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पदार्थांचा काही अंश त्यात उतरत असल्यामुळे मेंदूत काय चालले आहे याची बातमी या पाण्यात मिळते. तपासणाऱ्या माणसाला तिथे काही नवे, परके सापडेल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात या आजारात पाहायचे असते ते काय कमी झाले आहे ते. पोफळीच्या बागेला पाटाने पाणी सोडले, आणि शेवटच्या आळ्यापर्यंत पोहोचणारे पाणी एरवीपेक्षा नितळ येऊ लागले, तर जाणता बागायतदार खूश होत नाही, वरच्या अंगाला पाटात गाळ बसू लागला आहे हे तो ओळखतो. मेरुद्रवातले अमायलॉइड कमी होणे हे तसेच आहे. ते मेंदूत कुठेतरी अडकून राहिले आहे म्हणून खाली कमी उतरते.

आता प्रश्न उरतो तो नेमके कुठे अडकले याचा, आणि त्याचे उत्तर प्रथिनाच्या लांबीत आहे. बीटा-अमायलॉइड हे एका मोठ्या प्रथिनापासून दोन एन्झाइम्स कापून तयार करतात. दुसरा काप दर वेळी त्याच जागी पडत नाही, त्यामुळे काही तुकडे ४० अमिनो आम्लांचे तर काही ४२ अमिनो आम्लांचे होतात. या दोन्हींना अमायलॉइड-४० आणि अमायलॉइड-४२ म्हणतात. ४० लांबीचा प्रकार कितीतरी अधिक प्रमाणात तयार होतो आणि तो तुलनेने सहज विरघळतो. ४२ लांबीचा कमी तयार होतो, पण शेवटच्या दोन आम्लांमुळे तो चिकट असतो आणि पटकन गोळा होतो. अल्झायमरच्या गाठींमध्ये मुख्यतः ४२ सापडतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत मात्र ४२ ची सुरुवातीची बैठक जमल्यावर त्यावर मोठ्या प्रमाणात ४० चढतो. त्यामुळे अल्झायमरमध्ये मेरुद्रवातला ४२ घटतो आणि ४० बहुतांशी जागच्या जागी राहतो, तर सीएएमध्ये दोन्ही घटतात. २००९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सीएएच्या रुग्णांच्या मेरुद्रवात ही दुहेरी घट दाखवली, आणि पुढे इतर अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही मूळ चित्र तेच राहिले. सीएएला अल्झायमरपासून वेगळे पाडणारा आकडा आहे तो अमायलॉइड-४०.

अहवाल हातात आल्यावर गोंधळ होतो तो गुणोत्तराचा, म्हणून समजावण्यापुरते काही काल्पनिक आकडे घेऊ. प्रत्येक प्रयोगशाळेच्या यंत्रानुसार प्रत्यक्ष आकडे बदलतात, त्यामुळे हे आपल्या अहवालाशी ताडून पाहू नयेत. समजा निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर मेरुद्रवात ४० चे प्रमाण १०,००० पिकोग्रॅम आणि ४२ चे ९०० पिकोग्रॅम आहे. ४२ ला ४० ने भागले तर ०.०९ येतात. अल्झायमरच्या रुग्णात ४० तेवढाच १०,००० राहिला आणि ४२ घटून ४५० झाला, तर गुणोत्तर ०.०४५, म्हणजे थेट निम्मे. सीएएच्या रुग्णात ४० घटून ६,५०० झाला आणि ४२ घटून ४००, तर गुणोत्तर येते साधारण ०.०६. म्हणजे ४२ अल्झायमरपेक्षाही कमी असूनही गुणोत्तर मात्र तितके खाली उतरलेले नाही, कारण भागाकारातल्या खालच्या संख्येनेही माघार घेतली आहे. ज्या अहवालात फक्त ४२ चा आकडा आणि गुणोत्तर छापलेले असते, आणि ४० वेगळा दिलेला नसतो, तिथे ही गोष्ट नजरेआड होते. सीएएचा संशय असेल तर ४० चा स्वतंत्र आकडा मागून घ्यावा असे माझे ठाम मत आहे. तो मोजल्याशिवाय गुणोत्तर काढताच येत नाही, त्यामुळे गुणोत्तर देणाऱ्या प्रयोगशाळेकडे तो असतोच. फक्त ४२ मोजणाऱ्या प्रयोगशाळेकडे मात्र तो नसेल, म्हणून नमुना पाठवण्याआधीच विचारणे चांगले.

हे सगळे केवळ म्हातारपणीच्या, सरमिसळ झालेल्या आजारावरून सिद्ध करणे अवघड गेले असते, कारण सत्तरीतल्या माणसाच्या मेंदूत थोडा अल्झायमर, थोडा सीएए आणि थोडा रक्तदाबाचा परिणाम असे सगळेच असू शकते. इथे मदत झाली ती नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरच्या काही कुटुंबांची. उत्तर समुद्राकाठी काटवाइक नावाचे मासेमारीवर वाढलेले गाव आहे. तिथल्या काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या पन्नाशीच्या आसपास मेंदूत रक्तस्राव होत आले आहेत. कारण आहे अमायलॉइडच्या मूळ प्रथिनाच्या जनुकातला एक बदल, ज्यामुळे अमायलॉइडच्या साखळीतले बाविसावे आम्ल बदलते आणि ते प्रथिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीत झपाट्याने साचते. आई किंवा वडिलांपैकी एकाकडे हा बदल असेल तर प्रत्येक मुलाकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते. किनाऱ्यावरच्या वाड्यांत दोन-चार आडनावांतच सोयरिकी होत आलेल्या आपल्या भागातल्या वाचकांना अशी वस्ती डोळ्यांसमोर आणणे अवघड जाऊ नये. या घराण्यांतली जी तरुण माणसे हा बदल घेऊन जन्मली होती पण ज्यांना अजून कसलाही त्रास सुरू झाला नव्हता, त्यांनी संशोधनासाठी पाठीचे पाणी काढू दिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, लक्षणे येण्याआधीच त्यांच्या मेरुद्रवातले ४० आणि ४२ हे दोन्ही प्रकार घटलेले होते. इतक्या तरुण वयात अल्झायमरची सरमिसळ जवळपास नसते, त्यामुळे ही घट रक्तवाहिन्यांमुळेच आहे असे म्हणायला भक्कम आधार मिळाला. पुढे दिसणाऱ्या रक्तस्रावाची चाहूल पाण्यात वर्षानुवर्षे आधी लागते हेही त्यातून कळले. स्वतःला काहीच उपचार मिळणार नाही हे माहीत असताना या लोकांनी जे दिले, त्याचे मोल मोठे आहे.

अहवालात टाउ नावाच्या आणखी एका प्रथिनाचे आकडेही असतात, एकूण टाउ आणि फॉस्फोरिलेटेड टाउ. चेतापेशींची हानी झाली की एकूण टाउ वाढतो, आणि फॉस्फोरिलेटेड टाउची वाढ अल्झायमरकडे अधिक निर्देश करते. सीएएमध्ये हे आकडे निरोगी माणसापेक्षा थोडे चढलेले, पण अल्झायमरइतके नसतात. रक्तस्राव किंवा पक्षाघात नुकताच होऊन गेला असेल, तर केवळ त्या इजेमुळेच एकूण टाउ चढलेला असू शकतो, म्हणून नमुना केव्हा घेतला याची नोंद अहवालाइतकीच महत्त्वाची ठरते.

आता पाणी काढण्याच्या प्रक्रियेविषयी. 'पाठीतला पाणी काढला काय माणूस लुळो पडता' हे वाक्य मालवणी मुलखात डॉक्टरांना वारंवार ऐकावे लागते, आणि त्यामागची भीती खरी असल्यामुळे तिला नीट उत्तर दिले पाहिजे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच, पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्याजवळ संपतो. सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून घातली जाते. तिथे मज्जारज्जू नसतो, पाण्यात लोंबकळणारे चेतातंतूंचे धागे असतात आणि ते सुईच्या वाटेतून सहसा बाजूला सरकतात. जर्मनीतल्या हाइनरिख क्विंके यांनी १८९१ साली ही पद्धत मांडली, तेव्हापासून ती जगभर वापरात आहे. रुग्णाला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घ्यायला सांगतात, म्हणजे मणक्यांमधली फट उघडते. त्वचा बधिर केल्यावर सुई आत जाताना दाब जाणवतो, आणि मग सुईच्या टोकातून स्वच्छ पाण्याचे थेंब एकामागून एक नळीत पडू लागतात. ते ओढून काढायचे नसतात, आपल्या दाबाने येतील तेवढेच घ्यायचे. तपासणीसाठी सुमारे १० मिलिलिटर पुरते, आणि ताशी साधारण २० मिलिलिटर नवे पाणी तयार होत असल्याने अर्ध्या तासात त्याची भरपाई होते. काहींना नंतर दोन-चार दिवस डोके दुखते, उठून बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते. बोथट टोकाची बारीक सुई वापरली तर हे प्रमाण बरेच घटते. लुळेपणाची भीती या प्रक्रियेपुरती निराधार आहे, पण दोन बाबतींत मात्र खरोखर सावध राहावे लागते. मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन सूज आलेली असेल, तर पाणी काढणे धोक्याचे असते, म्हणून स्कॅन आधी आणि सुई नंतर. आणि रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय सुई घालू नये.

यापुढचा टप्पा सामान्य माणसाच्या नजरेसमोर येत नाही, पण कोकणातल्या रुग्णाच्या दृष्टीने तोच सर्वांत नाजूक आहे. अमायलॉइड चिकट असते आणि ते नळीच्या भिंतीलाही चिकटते. काचेच्या किंवा साध्या प्लॅस्टिकच्या नळीत घेतलेल्या नमुन्यातले प्रथिन भिंतीवर राहून जाते आणि यंत्राला कमी सापडते. म्हणून पॉलिप्रॉपिलिनच्याच नळ्या वापराव्या लागतात, त्या पुरेशा भराव्या लागतात आणि नमुना एका नळीतून दुसरीत वारंवार ओतणे टाळावे लागते. पाण्यात रक्त मिसळले असेल तर ते यंत्रात फिरवून ताबडतोब वेगळे करावे लागते. तपासणीला उशीर होणार असेल तर नमुना गोठवावा लागतो आणि पुन्हा पुन्हा वितळून चालत नाही. रत्नागिरीहून किंवा सावंतवाडीहून निघालेली नळी मे महिन्याच्या उकाड्यात मुंबईला पोहोचेपर्यंत कशी ठेवली होती, पावसाळ्यात दरड कोसळून गाडी घाटात तासन्‌तास अडकली तेव्हा डब्यातला कोरडा बर्फ टिकला होता की नाही, यावर त्या दोन आकड्यांची विश्वासार्हता ठरते. अल्झायमरच्या तपासणीत गुणोत्तर वापरल्यामुळे यातल्या बऱ्याचशा चुका झाकल्या जातात, कारण नळीला दोन्ही प्रकार चिकटतात. सीएएमध्ये ती सोय नाही. तिथे आपल्याला अमायलॉइड-४० चा स्वतःचा आकडा हवा असतो, आणि हाताळणीतल्या चुकीने दोन्ही प्रकार कमी मोजले गेले तर अहवाल हुबेहूब सीएएसारखा दिसेल. म्हणून शक्य असेल तर रुग्णाने स्वतःच मुंबई, कोल्हापूर किंवा बांबोळीसारख्या ठिकाणी जाऊन, जिथे नमुना लगेच हाताळण्याची सोय आहे याची चौकशी करून, तिथेच पाणी काढून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. प्रवासाचा त्रास एकदाच होतो, चुकीच्या अहवालाचे परिणाम वर्षानुवर्षे भोगावे लागतात.

नमुना उत्तम हाताळला तरी एक मर्यादा राहतेच. सीएए, अल्झायमर आणि निरोगी वार्धक्य या तीन गटांच्या सरासऱ्या वेगळ्या असतात, पण त्यांतल्या माणसांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. 'अमुक आकड्याखाली सीएए' अशी सर्वमान्य रेषा अद्याप आखली गेलेली नाही, आणि दोन्ही आजार एकत्र असलेल्या माणसात आकडेही दोन्हींचे मिश्रण दाखवतात. काही माणसांच्या शरीरात मुळातच अमायलॉइड कमी तयार होते, त्यांचेही दोन्ही आकडे कमी येऊ शकतात. त्यामुळे केवळ पाण्याच्या अहवालावर, एमआरआय न पाहता, कोणी सीएएचे निदान करत असेल तर ते मान्य करू नये. उलट बाजूने, एमआरआयवर बाहेरच्या भागात एकच जुना रक्तस्राव आहे आणि निर्णय अधांतरी आहे, अशा वेळी दोन्ही आकडे घटलेले आले तर तराजू स्पष्टपणे झुकतो.

हा निर्णय कशाकशासाठी लागतो ते पाहू. पहिली गोष्ट रक्त पातळ करण्याच्या औषधांची. सीएएमुळे एकदा बाहेरच्या भागात रक्तस्राव झालेल्या रुग्णांमध्ये तो पुन्हा होण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे ७ टक्के आढळले आहे, तर इतर कारणांनी झालेल्या रक्तस्रावानंतर ते १ टक्क्याच्या आसपास असते. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे ज्यांना ही औषधे लागतात, त्यांच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून विचार करावा लागतो, आणि काहींसाठी हृदयाचा गुठळी धरणारा कप्पाच उपकरणाने बंद करण्याचा पर्यायही असतो. कोणीही हा लेख वाचून आपली गोळी परस्पर बंद करू नये. ती अचानक थांबवल्यास गुठळीचा झटका येऊ शकतो. रक्तदाब काटेकोर ताब्यात ठेवणे मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. सीएए असलेल्यांतही त्यामुळे रक्तस्राव घटतो, आणि सुकी मासळी, लोणची, पापड यांतून पोटात जाणाऱ्या मिठाचा विचार आपल्याकडे त्यासाठी करायलाच हवा.

दुसरी गोष्ट अल्झायमरच्या नव्या औषधांची. लेकॅनेमॅब आणि डोनॅनेमॅब ही मेंदूतले अमायलॉइड हटवणारी प्रतिपिंडे आहेत. लेकॅनेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली आणि डोनॅनेमॅबला जुलै २०२४ मध्ये. ही औषधे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अमायलॉइडवरही हल्ला करतात, आणि त्यातून मेंदूला सूज येऊ शकते किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतात. म्हणूनच एमआरआयवर चारपेक्षा अधिक सूक्ष्म रक्तस्राव किंवा पृष्ठभागावर लोहाची किनार दिसली, तर लेकॅनेमॅब देऊ नये असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. परदेशी असलेल्या मुलांनी आई-वडिलांसाठी ही औषधे मिळवण्याची खटपट सुरू करण्यापूर्वी हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

तिसरी गोष्ट थोड्यांच्या बाबतीत घडते, पण तिच्यात उपचाराला वाव आहे. काही रुग्णांत शरीर स्वतःहूनच रक्तवाहिन्यांतल्या अमायलॉइडविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि आठवड्यांच्या अवधीत गोंधळलेपणा, डोकेदुखी, फिट येणे असा त्रास सुरू होतो. या दाहक प्रकारात तीव्र अवस्थेत मेरुद्रवात ही प्रतिपिंडे वाढलेली सापडली आहेत आणि उपचारानंतर ती कमी झालेली दिसली आहेत. त्यांची मोजणी मोजक्याच संशोधन केंद्रांत होते, तरी पाणी काढण्याचा आणखी एक उपयोग इथे असतो, तो म्हणजे जंतुसंसर्ग आणि कर्करोग नाही याची खात्री करून घेणे. कारण या प्रकारावर स्टेरॉइडने उतार पडतो, आणि संसर्ग असताना स्टेरॉइड देणे घातक ठरते.

पन्नाशीच्या आत अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना एक जुनी माहिती आवर्जून द्यावी : लहानपणी मेंदूची किंवा कण्याची शस्त्रक्रिया झाली होती का, आणि तेव्हा मृतदेहातून घेतलेले मेंदूचे आवरण ठिगळ म्हणून वापरले होते का. अशा ठिगळांतून किंवा १९८५ पूर्वी मृतदेहांतून काढलेल्या वाढीच्या संप्रेरकाच्या इंजेक्शनांतून अमायलॉइडचे बीज शरीरात गेले आणि काही दशकांनी सीएए झाला, असे रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले आहेत.

साध्या रक्ताच्या तपासणीतून हे सगळे कळेल का, असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. अल्झायमरच्या बाबतीत त्या दिशेने मोठी मजल मारली गेली आहे, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यासाठीच्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. त्या चाचणीत फॉस्फोरिलेटेड टाउ आणि अमायलॉइड-४२ यांचे गुणोत्तर काढतात. सीएएला हवा असलेला अमायलॉइड-४० मात्र रक्तात केवळ मेंदूतून येत नाही, रक्तातल्या बिंबिकांमधूनही, म्हणजे प्लेटलेट्समधूनही, तो मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. त्यामुळे रक्तातल्या ४० वरून मेंदूच्या धमन्यांची स्थिती वाचता येत नाही, आणि या आजारासाठी आज तरी सुई पाठीतच घालावी लागते.